लष्कराच्या भाकऱ्या आणि नोकरीतली शिदोरी

(रायपूर येथे रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण या विषयांवर आपण नेहमीच बोलतो आणि पुढेही बोलणार आहोत. आजच्या वर्गासाठी मात्र आम्ही मुद्दाम एक घरगुती प्रश्न निवडला आहे. संघटनेचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यातून स्वतःला काय मिळते?

हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला घरात ऐकावा लागतो. रविवारी जेवण अर्धे टाकून तो मीटिंगला निघाला की घरची मंडळी म्हणतात, "निघाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" ड्युटीवरचे सोबती याहून तिखट बोलतात. "तुला यात काय सुटतं रे?" असे विचारतात. आजवर आपण यावर एकच उत्तर देत आलो, की संघटनेचे काम म्हणजे त्याग. उत्तर खोटे नाही. १९६०, १९६८ आणि १९७४ च्या संपांत ज्यांनी नोकऱ्या गमावल्या, तुरुंगवास भोगला, त्यांच्या त्यागावर आपली चळवळ उभी आहे. परंतु पंचवीस वर्षांच्या नव्या ट्रॅक मेंटेनरला किंवा पोस्टमनला केवळ त्यागाच्या नावाने हाक मारली, तर तो नमस्कार करून निघून जातो. त्याला हिशेब हवा असतो, आणि हिशेब मागण्यात गैर काही नाही. आपण कामगार आहोत. घामाचा हिशेब मागायला आपणच तर लोकांना शिकवले.

तो हिशेब आज आम्ही मांडणार आहोत; जमेचा आणि खर्चाचाही.

बदलीची वाट पाहणारा माणूस

सुरुवात आपल्या रायपूरपासूनच करू. या शहरात मराठी माणसे दोन प्रकारची आहेत. एक, जी पिढ्यान् पिढ्या इथलीच आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर आला, तेव्हापासून मराठी घराणी इथे नांदत आली. १९५६ पर्यंत तर नागपूर हीच या भागाची राजधानी होती. दुसरी, जी नोकरीने इथे आणली. बेंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडची माणसे या लाईनवर येत राहिली. १ एप्रिल २००३ पासून बिलासपूर मुख्यालयाचा दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा वेगळा झोन सुरू झाला. त्यात बिलासपूर, रायपूर आणि नागपूर असे तीन विभाग आहेत, त्यामुळे ही ये-जा आजही चालूच आहे. टपाल खात्यातही भरतीत नंबर लागला तिकडे माणूस जातो.

या दुसऱ्या प्रकारच्या माणसाबद्दल आम्हाला बोलायचे आहे. तो रुजू होतो आणि त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज भरतो. अर्ज भरण्यात चूक नाही. गावी म्हातारे आई-वडील आहेत, पत्नीची नोकरी तिकडे आहे, शेती पाहायला कोणी नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि विनंती-बदल्या वेळेवर व्हाव्यात यासाठी संघटना भांडतच राहील. प्रश्न वेगळा आहे. अर्ज आणि ऑर्डर यांच्या मधल्या वर्षांत तो काय करतो?

बहुतेक वेळा काहीच करत नाही. खोली भाड्याची, भांडी मोजकी, मन गावाकडे. शाखेच्या सभेला येत नाही, कारण "आपल्याला कुठे इथे राहायचंय?" खात्यांतर्गत परीक्षेचा फॉर्म भरत नाही, कारण "मध्येच बदली आली तर?" इथल्या छत्तीसगढी सोबत्याशी जुजबी बोलतो. अशी पाच, सात, कधी दहा वर्षे जातात. मग एक दिवस ऑर्डर येते, आणि पेढे वाटून झाल्यावर त्याच्या लक्षात येते की विनंती-बदलीने गेलेला माणूस नव्या ठिकाणी सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाला जातो. टपाल खात्यातला 'रूल ३८' हेच सांगतो, रेल्वेतला नियमही तसाच आहे. आपल्या मागून नोकरीला लागलेली मुले यादीत आपल्या वर असतात.

बंधूंनो, सेवाज्येष्ठता बदलीबरोबर जात नाही. मग बरोबर जाते काय? जे हाताला आणि डोक्याला चिकटले आहे तेवढेच. नियमांचे ज्ञान, कागद लिहिण्याची सवय, चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धैर्य, आणि ठिकठिकाणी जोडलेली माणसे. ही शिदोरी कुठल्याही ऑर्डरने काढून घेता येत नाही. ती बांधून मिळण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे आपली शाखा. आजच्या भाषणाचा सारा मुद्दा एवढाच आहे. पुढे जे सांगणार ते याच मुद्द्याचा तपशील आहे.

शाखेत काय शिकायला मिळते

पहिली गोष्ट नियम. आपल्यातले कितीजण आपला वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे आताचा 'एपार', नीट वाचतात? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या खटल्यात निकाल दिला की अहवालातला प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्यानंतर २००९ मध्ये सरकारने संपूर्ण अहवाल दाखवण्याचे आदेश काढले. तो हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत आपल्याला त्यावर निवेदन देता येते. आता याला जोडून दुसरा नियम पाहा. दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या एमएसीपी लाभासाठी जुलै २०१६ पासून 'व्हेरी गुड' हा निकष लागू झाला. म्हणजे एखाद्या साहेबाने सहज म्हणून लिहिलेला 'गुड' हा शेरा, जो ऐकायला गोड वाटतो, तो लाभ अडवू शकतो. ज्याला हे दोन्ही नियम माहीत आहेत तो पंधरा दिवसांत कागद करतो. ज्याला माहीत नाहीत तो काही वर्षांनी शाखेत येऊन डोक्याला हात लावतो, आणि तेव्हा मुदत केव्हाच संपलेली असते.

हे ज्ञान ऑफिसात कोणी देत नाही. शाखेत मात्र दर आठवड्याला असे एखादे प्रकरण येते. जो कार्यकर्ता ती प्रकरणे हाताळतो, त्याला दोन वर्षांत रजा, वेतननिश्चिती, रोस्टर, सेवाज्येष्ठता यांचे नियम तोंडपाठ होतात. खात्यांतर्गत परीक्षांत नियमांच्या पेपरला याच गोष्टी विचारतात. एकजण परीक्षेच्या आदल्या महिन्यात नियमांचे पुस्तक घोकतो. दुसऱ्याने तेच कलम एखाद्या सोबत्याचा अडकलेला पगार सोडवण्यासाठी तीनदा उघडलेले असते. उत्तर कोण चांगले लिहील हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट लेखन. आपल्या लोकांची निवेदने वाचा. चार पाने तक्रार असते, नेमके काय हवे ते शेवटच्या ओळीत, आणि तेही नसले तर नसले. शाखेत बसून शंभर निवेदने लिहिली की माणूस आपोआप शिकतो : एका अर्जात एकच विषय, आधी घटना तारखेसह, मग नियम, मग नेमकी मागणी, आणि खाली जोडलेल्या कागदांची यादी. असा अर्ज साहेबाला बाजूला सारणे जड जाते. हीच लेखणी पुढे सुपरवायझर झाल्यावर अहवाल लिहिते. कागद नीट न करता येणारा सुपरवायझर खात्याला नको असतो आणि हाताखालच्यांनाही नको असतो.

तिसरी गोष्ट वाटाघाटी. रेल्वेत १९५२ पासून कायमस्वरूपी वाटाघाटी यंत्रणा, म्हणजे आपली पीएनएम, चालू आहे. विभागीय पातळीवर दोन महिन्यांतून एकदा तिची बैठक व्हावी अशी व्यवस्था आहे. केंद्र सरकारच्या सर्व खात्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे जेसीएम, १९६६ मध्ये आली. या बैठकीत मुद्दा मांडायचा तर तो आधी अजेंड्यावर घालावा लागतो, आकडे जमवावे लागतात, समोरचा काय उत्तर देईल याचा अंदाज बांधावा लागतो. आवाज चढवून काम होत नाही आणि मान खाली घालूनही होत नाही. एरवी ज्या साहेबासमोर आपण 'यस सर' म्हणून परत येतो, त्याच्यासमोर बसून "साहेब, तुमच्या कार्यालयाचे अमुक तारखेचे पत्र वेगळे सांगते" असे शांतपणे म्हणता येणे, हे शिक्षण कुठल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मिळते?

चौथी गोष्ट बचावाची. सोबत्यावर मोठ्या शिक्षेची चार्जशीट आली तर चौकशीत त्याच्या मदतीला दुसरा कर्मचारी उभा राहू शकतो. टपाल खात्यात १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांतला चौदावा नियम आणि रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतला नववा नियम ही सोय देतो. हे काम फार जोखमीचे आहे. एका घराची चूल त्यावर अवलंबून असते. साक्षीदाराला काय विचारायचे, कोणता मूळ कागद मागायचा, चौकशी अधिकाऱ्याने मुद्दा नाकारला तर तो नोंदवून कसा घ्यायचा, हे ज्याने एकदा मनापासून केले, तो नोकरीत पुन्हा कोणत्याही कागदाला घाबरत नाही. आणि स्वतःच्या कामातही तो सावध होतो, कारण माणसे कुठे अडकतात हे त्याने जवळून पाहिलेले असते.

पाचवी गोष्ट पैशाचा व्यवहार. शाखेचा खजिनदार होऊन वर्गणीच्या प्रत्येक रुपयाची पावती फाडणे, वर्षाअखेर हिशेब वाचून दाखवणे आणि सभासदांच्या खोचक प्रश्नांना उत्तर देणे. ज्याचा व्यवहार चोख, त्याच्यावर पुढे क्रेडिट सोसायटी, क्रीडा समिती, कल्याण निधी असे सगळे विश्वास टाकतात.

ओळख आणि वशिला

आता ओळखींबद्दल. हा शब्द उच्चारला की अनेकांच्या चेहऱ्यावर हसू येते. "ओळखी असतील तरच काम होतं," असे आपण सर्रास म्हणतो. पण ओळख आणि वशिला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संघटनेत येणाऱ्याने पहिल्याच दिवशी हा फरक समजून घेतला पाहिजे.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. बोस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की या नोकरीची खबर तुम्हाला कोणाकडून लागली? १९७३ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या, लांबच्या ओळखीच्या माणसांकडून उपयोगी खबर अधिक वेळा मिळाली होती. कारण सोपे आहे. आपल्याबरोबर रोज चहा पिणाऱ्याला तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी गोष्ट दुसऱ्या टोकाचा माणूस सांगतो.

हे आपल्याला लावून पाहा. रायपूरच्या वॅगन रिपेअर शॉपमधल्या फिटरला शॉपची खडान् खडा माहिती असते. पण गोंदियाच्या गार्डला, नागपूरच्या आरएमएसमधल्या सॉर्टरला, बिलासपूरच्या कार्मिक शाखेतल्या कारकुनाला जे माहीत आहे, ते त्याला माहीत नसते. कोणत्या परीक्षेची अधिसूचना निघाली, कोणत्या विभागात परस्पर-बदलीसाठी माणूस शोधतोय, दुसऱ्या विभागाने अमुक नियमाचा अर्थ कसा लावला. अधिवेशनात, अभ्यासवर्गात, सोसायटीच्या सभेत ही माणसे भेटतात. रेल्वेवाला आणि टपालवाला एका वर्गात बसतो हा तर दुहेरी फायदा. दोघांचे नियम सख्ख्या भावांसारखे आहेत, आणि एकाने जिंकलेला मुद्दा दुसऱ्याला दाखल्यासारखा वापरता येतो.

ही झाली ओळख. ती माहिती देते, चांगला सल्ला देते, चुकत असाल तर कान धरते. वशिला मात्र दुसऱ्याच्या ताटातले उचलून आपल्या ताटात टाकतो. यादीत सत्ताविसावा असताना पहिल्या पाचात बदली मिळाली, तर वरच्या बावीसजणांचा तो हक्क गेलेला असतो, आणि तेही आपलेच सभासद असतात. शिवाय हे नियमातही बसत नाही. टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत आणि रेल्वेच्या १९६६ च्या वर्तणूक नियमांत, दोन्हींकडे विसावा नियम सांगतो की आपल्या सेवेच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय किंवा बाहेरचे वजन आणता येणार नाही. वशिल्याने मिळालेली सोयीची जागा वशिला संपला की जाते. मधल्या काळात माणूस काहीच शिकलेला नसतो, आणि सोबत्यांचा विश्वास गमावलेला असतो.

म्हणून आम्ही नव्या सभासदाला स्पष्ट सांगतो. संघटनेत आलात म्हणून तुमची बदली लवकर होणार नाही. तुम्हाला हलके काम मिळणार नाही. बढतीच्या यादीत तुमचे नाव वर सरकणार नाही. जो कोणी असे आश्वासन देऊन वर्गणी घेत असेल, त्याच्यापासून दूर राहा.

आधी ज्यांनी हे केले

आपल्या मराठी कामगार चळवळीचा आद्य पुरुष आपल्याच खात्यांतून गेलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुरुवातीला रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि मग ते मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. 'दीनबंधु' पत्र चालवणे, गिरणी कामगारांच्या सभा भरवणे, अर्जांवर हजारो सह्या गोळा करणे, हे सारे बिनपगारी काम. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. १८९० मध्ये सरकारने कारखाना कामगार आयोग नेमला, तेव्हा कामगारांची बाजू जाणणारा माणूस म्हणून लोखंड्यांना त्यावर घेतले. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच ते गेले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, म्हणजे एकेकाळी याच खात्यात राबलेला माणूस खात्याच्याच तिकिटावर आला. आयोगावर त्यांना पदवीने किंवा घराण्याने नेले नव्हते. सभा, अर्ज आणि वर्तमानपत्र यांतून आलेली जाणकारी त्यांना तिथे घेऊन गेली.

दुसरे उदाहरण याच शहराचे. लाखे नगर आणि सप्रे शाळा ही नावे तुम्ही रोज घेता. माधवराव सप्रे, वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर ही तीन मराठी माणसे. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, आणि ते हिंदीत काढले. जिथे राहायचे तिथल्या लोकांच्या भाषेत काम करायचे, हा त्यामागचा विचार. मासिक तीनच वर्षे चालले. पण त्या उपद्व्यापाने सप्र्यांची लेखणी तयार झाली. पुढे दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणारा माणूस त्यातून घडला. लाखे सहकाराकडे वळले आणि १९१३ मध्ये रायपूरच्या सहकारी मध्यवर्ती बँकेच्या उभारणीत पुढे राहिले. मराठीपण त्यांनी सोडले नाही, पण पाहुण्यासारखेही ते राहिले नाहीत. आज चौबे कॉलनीतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळात गणपती बसवणाऱ्यांनी आणि डब्ल्यूआरएस कॉलनीतल्या छत्तीसगढी सोबत्याबरोबर निवेदन लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो.

तिसरे उदाहरण दुर्गहून निघणाऱ्या लाईनीवरचे, दल्ली राजहऱ्याचे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या त्या खाणींतल्या कंत्राटी कामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली युनियन बांधली. त्याच वर्षी झालेल्या गोळीबारात अकरा कामगार पडले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल सुरू केले. डॉक्टर बाहेरून आले. रुग्णांची शुश्रूषा, मलमपट्टी, प्रथमोपचार ही कामे मात्र कामगार आणि त्यांच्या घरातली माणसे शिकली. हातात फावडे धरणारी माणसे आरोग्य कार्यकर्ते झाली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींचा खून झाला, पण हॉस्पिटल बंद पडले नाही. कारण काम एका माणसाच्या हातात राहिले नव्हते, अनेकांनी ते शिकून घेतले होते. संघटनेच्या कामाचा याहून मोठा फायदा आम्हाला सांगता येणार नाही.

व्यवसायाच्या संस्था

युनियनशिवाय आपल्या कामाशी जोडलेल्या आणखी संस्था आहेत, त्यांच्याकडेही लक्ष द्या. रुळांचे काम करणाऱ्या अभियंत्यांची, सिग्नल व दूरसंचारवाल्यांची अशा वेगळ्या व्यावसायिक संस्था आहेत आणि त्यांच्या चर्चासत्रांत कामाच्या नव्या पद्धती कळतात. १९२० मध्ये स्थापन झालेल्या, कोलकात्याला मुख्यालय असलेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची 'एएमआयई' परीक्षा देऊन कितीतरी डिप्लोमाधारक नोकरी सांभाळून पदवीच्या बरोबरीला पोचले. पण इथे एक इशारा. केंद्र सरकारने ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ती बरोबरी मान्य केली. आज कोणी क्लासवाला "एएमआयई करा, पदवी मिळेल" म्हणून पैसे मागत असेल तर आधी कागद पाहा. सभासद होऊन ज्ञान घेणे वेगळे आणि पदवी म्हणून त्यावर बढतीचा हिशेब करणे वेगळे.

प्रथमोपचार पथक, नागरी संरक्षण, स्काउट्स, क्रीडा संघ हीही शिकण्याची ठिकाणे आहेत. रेल्वेत अपघाताच्या जागी प्रथमोपचार जाणणारा माणूस काय मोलाचा असतो, हे लाईनवरच्यांना सांगायला नको.

खर्चाची बाजू

जमा सांगितली, आता खर्च. पहिला खर्च वेळेचा. तो घरच्यांच्या वाट्यातून जातो, म्हणून घरच्यांना विचारून आणि हात आखडून द्यावा. रोज रात्री शाखेत बसणारा कार्यकर्ता दोन वर्षांत थकतो. आठवड्यातून ठरलेले चार तास देणारा वीस वर्षे टिकतो.

दुसरे, ड्युटी. संघटनेचा माणूस म्हणून कामात सवलत घेतली की बैठकीतला आपला शब्द हलका झाला. ज्याच्या बीटमध्ये पत्र पडून राहत नाही, ज्याच्या सेक्शनमध्ये फिशप्लेटचे बोल्ट ढिले सापडत नाहीत, त्याचेच बोलणे साहेब आणि सोबती दोघेही ऐकतात.

तिसरे, नियम. कर्मचारी संघटनेबाहेरच्या संस्थेत, मग ते मंडळ असो वा क्लब, निवडणुकीने भरायच्या पदासाठी उभे राहण्यापूर्वी खात्याची परवानगी घ्यावी लागते. ड्युटीत अडथळा न आणता केलेले मानधनाविना सामाजिक काम चालते. वर्तणूक नियमांतला पंधरावा नियम एकदा स्वतः वाचा. राजकीय पक्षाचे सभासदत्व तर आपल्याला चालतच नाही.

चौथा खर्च मनाचा. सोबत्याचे काम झाले तर तो "माझं नशीब" म्हणतो, न झाले तर "युनियनने काही केलं नाही" म्हणतो. साहेबाच्या मनात अढी बसते. क्वचित त्रासाची बदलीही होते. हे लपवून आम्ही कोणाला बोलावत नाही. जो येतो त्याने हे धरूनच यावे, आणि अशा वेळी शाखेने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

आणि एक खर्च आपण आजवर दुसऱ्यांवर टाकत आलो. आज लोको पायलट, ट्रॅक मेंटेनर, पोस्टवुमन, ग्रामीण डाक सेवक म्हणून भगिनी काम करतात. पण शाखेची सभा रात्री साडेआठला भरते. मग त्या येत नाहीत, आणि आपण म्हणतो की महिलांना रस नाही. सभेची वेळ बदला, जागा बदला, आणि नियमांचे काम त्यांच्या हाती द्या. चहापाण्याची जबाबदारी म्हणजे संघटनेचे काम नव्हे.

उद्यापासून काय करायचे

डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, २०१३ नंतर प्रथमच. रांगा लावून आपण मते दिली आणि अनेकांनी समजूत करून घेतली की आपले काम झाले. मत देणे ही सुरुवात आहे. पुढचे आम्ही चार साध्या कामांत सांगतो.

पहिल्या तिमाहीत शाखेच्या एका सभेचे इतिवृत्त लिहा. मराठीत विचार करून हिंदीत लिहायला जड जाईल, तरी लिहा. चुका दुरुस्त करायला माणसे आहेत. दुसऱ्या तिमाहीत आपल्या केडरची सेवाज्येष्ठता यादी मागून घ्या आणि पाच सोबत्यांच्या नोंदी सेवापुस्तकाशी ताडून पाहा. जन्मतारीख, रुजू तारीख, नॉमिनेशन, जातीचा दाखला. एक तरी चूक सापडेल, आणि ती निवृत्तीच्या दहा वर्षे आधी सापडली तर एका कुटुंबाची पेन्शनची फरफट वाचेल. तिसऱ्या तिमाहीत परीक्षेला बसणाऱ्यांचा एक अभ्यासगट काढा. पाचजण पुरेत. ज्याने परीक्षा पास केली आहे त्याने रविवारी दोन तास द्यावेत, कारण त्यालाही कोणीतरी दिले होते. चौथ्या तिमाहीत दुसऱ्या खात्याच्या, दुसऱ्या गावच्या एका शाखेला भेट द्या आणि तिथून एक नवी गोष्ट शिकून या.

एवढे केलेत की वर्षाअखेर स्वतःच हिशेब मांडा. बढती मिळाली नसेल, बदलीही आली नसेल. पण ऑफिसात कोणाच्या हाती चार्जशीट पडली की तो तुमचे टेबल शोधत येईल, आणि काय करायचे ते तुम्हाला माहीत असेल.

आणि ज्यांचा बदलीचा अर्ज पडून आहे त्यांना शेवटची विनंती. ऑर्डर यायची तेव्हा येईल, त्यासाठी आम्ही पाठपुरावा करू. तोवर रायपूर तुमचे आहे आणि ही शाखा तुमची आहे. इथून जाल तेव्हा सेवाज्येष्ठता मागे राहील. शिदोरी मात्र भरलेली घेऊन जा, आणि जाण्यापूर्वी मागे येणाऱ्या एकाला तरी ती कशी बांधायची ते शिकवून जा.

कामगार एकजुटीचा विजय असो!